धुक्याच्या वरची गाडी

हिलरी थर्कलच्या फिश-चिप्सच्या दुकानात फळीवरच्या बशा कधी एकमेकींना खेटून ठेवत नसत. समोरच्या करमणुकीच्या बागेतली लाकडी गाडी चढाव संपवून उतारावर सुटली, की दुकानाची जमीन थरथरायची आणि बशा किणकिणत कडेला सरकायच्या. नवखं गिऱ्हाईक दचकायचं. हिलरी मात्र मासा पिठात बुडवता बुडवता मानही वर करत नसे. तिच्या सासूचं लग्न व्हायच्या आधीपासून ती गाडी तिथं होती. समुद्राच्या अगदी काठावर वाशा-फळ्यांचा पांढरा डोंगर उभा केलेला, आणि त्याच्या अंगाखांद्यावरच्या रुळांवरून धावणारे डबे. गावातल्या झाडून सगळ्यांनी कधी ना कधी त्या डब्यात बसून बोंबा मारल्या होत्या. हिलरी तेवढी राहिली होती. कुणी विचारलं तर म्हणायची, "माझे पाय जमिनीवर आहेत, तेच बरं आहे."

खरं म्हणजे तिला भीती वाटायची, आणि हे सगळ्या गावाला ठाऊक होतं.

म्हणूनच तिची लेक ब्रायनी बँकेतली नोकरी सोडून त्या गाडीवर ब्रेक सांभाळायला निघाली, तेव्हा घरात रण माजलं. गाडी जुन्या घडणीची. तिचा ब्रेक गाडीतच असतो. दोन डब्यांच्या मधे एक माणूस लोखंडी दांडा धरून उभा राहतो आणि कुठल्या उतारावर गाडी मोकळी सोडायची, कुठल्या वळणावर आवरायची, ते तोच ठरवतो. आजवर हे काम पुरुषांनीच केलेलं. हिलरी म्हणाली, चांगली उबेला बसून पगार घेत होतीस, आता वाऱ्यावर लोंबकळायचे डोहाळे लागलेत. ब्रायनी म्हणाली, "लोंबकळत नाही आई. उभी राहते." तो सबंध हिवाळा मायलेकी एका छपराखाली राहून चहा, मीठ आणि कचऱ्याची पिशवी एवढ्यापुरतंच बोलल्या.

वसंतात बाग उघडली. डेझमंड लार्टर नावाच्या म्हाताऱ्या ब्रेकवाल्यानं हिवाळाभर रिकाम्या गाडीवर ब्रायनीला शिकवलं होतं. एके दिवशी तो दुकानात आला, नेहमीसारखा कॉड मासा मागितला आणि म्हणाला, "पोरगी उद्या पहिल्यांदा एकटी गाडी नेणार. सगळं गाव तिच्या मागं बसेल आणि तू इथं मासे तळत बसशील. बघ बाई, तुझं तू."

हिलरीनं त्याचा मासा कागदात असा आवळून बांधला, की त्याला घरी जाऊन कात्री लावावी लागली.

दुसऱ्या दिवशी रविवार. दुपार कलली तशी तिनं कढईखालची आग बंद केली, दाराला कुलूप घातलं आणि कुणाला काही न सांगता रांगेत जाऊन उभी राहिली. तिची पाळी आली तेव्हा ब्रायनी डब्यांच्या मधे उभी होती, केस टोपीत कोंबलेले. आईला पाहून तिचा चेहरा क्षणभर हलला. मग ती खाली उतरली आणि सगळ्यांच्या मांडीवरून अडकवलेला सुरक्षेचा दांडा तपासत आली. आईचा दांडा तिनं दोनदा ओढून पाहिला.

"हात आत ठेवायचे. उभं राहायचं नाही," ती परक्या माणसाशी बोलावं तशी बोलली.

"माहीत आहे," हिलरी म्हणाली. "रोज ऐकते."

वर ओढून नेणाऱ्या खालच्या तारेनं गाडीला पकडलं आणि गाडी करकरत चढू लागली. हिलरीनं डोळे गच्च मिटले. अर्ध्या चढावर तिच्या गालांना काहीतरी गार, ओलसर लागलं, म्हणून तिनं डोळे उघडले. समुद्रावरून धुकं आलं होतं. त्या किनाऱ्यावर ते असंच येतं, लख्ख उन्हात, न सांगता, भिंत चालत यावी तसं. वाळू गेली, बाग गेली, दुकानाचं छप्पर गेलं. पुढच्या बाकावरच्या माणसाची पाठसुद्धा दिसेना. चाकांचा आवाज तेवढा उरला.

मग पांढरं पातळ होत गेलं, आणि गाडी धुक्यातून वर निघाली.

वर स्वच्छ ऊन होतं. खाली, जिथवर नजर जाईल तिथवर, धुकं पिंजलेल्या कापसासारखं पसरलं होतं. समुद्र कुठं संपतो आणि गाव कुठं सुरू होतं, ते कळायला मार्ग नव्हता. चर्चच्या मनोऱ्याचं टोक तेवढं वर आलेलं, आणि या लाकडी डोंगराची दोन-तीन उंच शिखरं, पाण्यातून एखाद्या अजस्र जनावराची पाठ वर यावी तशी. समुद्रपक्षी डब्यातल्या माणसांच्या पायांखालून उडत होते.

माथ्यावर थोडा सपाट भाग आहे. तिथं ब्रायनीनं ब्रेकचा दांडा ओढला आणि गाडी उभी केली.

समुद्राच्या बाजूला, खालच्या धुक्यावर, गाडीची सावली पडली होती. डबे, डब्यांतली डोकी, आणि मधे ताठ उभी असलेली एक आकृती. त्या सावलीभोवती रंगांचं कडं होतं, इंद्रधनुष्याचं, पण पुरतं गोल. हिलरीनं हात वर केला. कड्याच्या आतल्या सावलीनंही हात वर केला. तिच्या अंगावर सरसरून काटा आला. घरापासून चार पावलांवर हे होतं, आणि ती जन्मभर त्याच्याकडे पाठ करून मासे तळत राहिली होती. पोटातली भीती अजून तिथंच होती, पण तिच्याकडे लक्ष द्यायला आता सवड नव्हती.

एक बाई हळूच रडत होती.

"असं मीपण कधी पाहिलं नव्हतं, आई," मागून ब्रायनीचा आवाज आला.

हिलरीनं हात मागं नेला. ब्रायनीनं तो क्षणभर धरला आणि सोडला.

मग ती सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "आता खाली काही दिसणार नाही. मी सावकाश नेते. निवांत बसा."

गाडी पुन्हा पांढऱ्यात शिरली. वळण आलं की अंग एका बाजूला कलायचं, तेव्हाच वळण आहे हे कळायचं. मागं दांड्याचा खट्ट आवाज व्हायचा, चाकं कुरकुरायची, वेग उतरायचा. पुन्हा खट्ट, आणि गाडी पुढं. ब्रायनी कानांनी गाडी हाकत होती. खालून डेझमंड फलाटावरची घंटा वाजवू लागला होता. ती आधी डावीकडून ऐकू आली, मग पाठीमागून, मग अगदी समोरून. समोरून आली तेव्हा शेवटचा उतार उरला होता. ब्रायनीनं दांडा मोकळा सोडला. हिलरीच्या तोंडून अशी किंकाळी निघाली, की फलाटावर डेझमंडच्या हातातली घंटा थांबली. सगळा डबा हसायला लागला. हिलरीही हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

धुकं निवळेपर्यंत गाडी बंद ठेवली. ब्रायनीनं हिलरीला काखेत हात घालून उतरवलं. त्या हाताचा तळवा लालबुंद झाला होता.

"हातमोजे घालायला काय होतं गं तुला?"

"हातमोज्यांतून दांडा कळत नाही."

हिलरीनं तो हात उलटसुलट करून पाहिला.

त्या संध्याकाळी दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला ती त्या रंगीत कड्याबद्दल सांगत होती, पिठानं माखलेल्या हातांनी हवेत गोल काढून दाखवत. कुणी म्हणालं, काहीतरीच. तेव्हा ती दुकानाच्या कोपऱ्याकडे बोट दाखवायची. तिथं ब्रायनी चिप्स खात बसली होती.

"तिला विचारा," हिलरी म्हणायची. "तिनंच गाडी थांबवली होती."