रुग्ण तयार नाही

"दोन-तीन महिन्यांपुरतीच आहे," असं सांगून डॉक्टरांनी डायलिसिससाठी मामांच्या छातीत नळी बसवली, त्याला आता दीड वर्ष झालं होतं. मामा प्लंबर. सगळी गल्ली त्यांना मामाच म्हणायची. निम्म्या घरांचे नळ त्यांच्या हातचे, पण नळी भिजू नये म्हणून स्वतःला मात्र धड अंघोळ करायचीही चोरी. हातातल्या शिरा जोडायचं ऑपरेशन झालं की तिथेच सुया टोचून डायलिसिस करता येणार होतं आणि नळी निघणार होती. ते काही केल्या होत नव्हतं.

त्या सकाळी मशीन सुरू होऊन अर्धा तास झाला नाही तोच मामांना हुडहुडी भरली. नळीतून जंतू रक्तात गेले होते, तिसऱ्यांदा. नर्सने मशीन थांबवलं. नव्यानेच आलेल्या डॉक्टरीणबाईंनी फाइल चाळली.

"काका, हाताच्या ऑपरेशनला नाही कशाला म्हणालात? केलं असतं तर ही वेळ आली नसती."

"मी? नाही म्हणालो?"

"इथे लिहिलंय ना. रुग्ण तयार नाही. चार वेळा."

दात वाजत असतानाच मामा उठून बसले. "चारही वेळा उपाशीपोटी आलो मी! एकदा सर्जन रजेवर, एकदा भूल देणारे नाहीत, दोनदा दुपारपर्यंत ताटकळत ठेवून घरी पिटाळलं. तात्पुरती जोडणी करून मी दीड वर्ष कुणाकडे फिरकलो नसतो, तर लोकांनी जोड्याने हाणलं असतं मला!"

"शांत व्हा. नंतर बोलू."

डॉक्टरांपुढे एरवी ब्र न काढणाऱ्या मामींनी पिशवीतून ऑपरेशनची तारीख पुढे ढकलल्याच्या चारही चिठ्ठ्या काढल्या आणि फाइलीवर आपटल्या. "नंतर नाही. आत्ता खोडा. आमच्यासमोर."

बाईंनी चिठ्ठ्या वाचल्या. त्यांचे कान लाल झाले. एकेक ओळ खोडून त्यांनी खरं काय ते लिहिलं आणि खाली सही केली.

ताप उतरल्यावर तीन आठवड्यांत ऑपरेशन झालं. त्याआधी हात चाचपत सर्जन म्हणाले होते, "शिरा खराब झाल्यात. लवकर यायला हवं होतं." मामांनी त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की त्यांनी हात सोडून फाइल उघडली.

हात सुयांना तयार व्हायला आणखी दोन महिने गेले. नळी निघाली, पण मामा काही निवले नाहीत. दर खेपेला डायलिसिसच्या खोलीत शिरले की छातीत नळी असलेल्या एकेकापाशी थांबून विचारायचे, "तुमच्या फाइलीत काय लिहिलंय, वाचलंय का कधी?"