दस्तरखानावरून उठवलेलं तस्त

मित्रांनो, तस्त म्हणजे काय, हे तुमच्यापैकी किती जणांना ठाऊक आहे? कुणालाच नाही ना? वाटलंच मला. घरोघर नळ आले, भिंतीला पांढरी बेसिनं लागली, आणि आमचं नावसुद्धा कुणाच्या तोंडी राहिलं नाही. म्हणून स्वतःची ओळख स्वतःच करून द्यायची वेळ माझ्यावर आली आहे. मी तांब्याचं तस्त. वयाने जुनं, बुडाला जरा चेपलेलं, आणि सध्या कुवेतमधल्या एका घराच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीमागे पडलेलं.

माझं काम मानाचं होतं. जेवायला आलेल्या पाहुण्याला हात धुवायला उठवायचं नाही, असा आमच्या कोकणातल्या मुसलमानांचा रिवाज. पाहुणे दस्तरखानाभोवती, म्हणजे जमिनीवर अंथरलेल्या जेवणाच्या चादरीभोवती बसतात. मग घरातलं कुणीतरी एकेकापुढे मला धरतं आणि तोटीच्या लोट्याने हातांवर पाणी घालतं. ते पाणी माझ्या जाळीच्या झाकणातून आत जातं. माझ्यावरून पाणी गेल्याशिवाय कुणी घासाला हात लावत नसे. थोडा गर्व होता मला त्याचा, खोटं कशाला बोलू?

रत्नागिरीकडच्या एका तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. रहिमाच्या आईने मला तिच्या रुखवतात दिलं. रहिमाचा नवरा अब्बास कुवेतला शुवैखच्या बंदरावर गोदाम सांभाळायचा. छपन्न साली रहिमा मुंबईहून बोटीने त्याच्याकडे निघाली, तेव्हा तिच्या ट्रंकेत कपड्यांच्या मधोमध मी होतो. बोट लागून तिचे हाल झाले, पण ट्रंकेला तिने कुणाला हात लावू दिला नाही.

कुवेत म्हणजे काय, हे मला उन्हाळ्यात कळलं. धुळीचं वादळ आलं की दारं-खिडक्या बंद करूनही ताटात वाळू. पण शुक्रवार आला की अब्बासच्या खोलीत कोकण अवतरायचं. मुनव्वर यायचा, अब्बासबरोबर बंदरावर होता तो. त्याची बायको नूरजहाँ यायची. तांदळाच्या भाकऱ्या, झुबैदीचं कालवण. झुबैदी म्हणजे आपलं पापलेटच, नाव बदललं एवढंच. आणि जेवणाआधी मी सगळ्यांपुढून फिरायचो. रहिमा म्हणायची, "ह्या तस्तात हात धुवलं का मना वाटतं, आई दारात उभी हाय."

आता मिस पेन्नरबद्दल सांगतो. रहिमा ज्या छोट्या दवाखान्यात आयाचं काम करायची, तिथल्या त्या मोठ्या नर्स. उंच, हाडकुळ्या, केस घट्ट बांधलेले. जन्म कॅनडाचा, पण आधी मध्य प्रांतात बरीच वर्षं काढलेली, त्यामुळे मोडकंतोडकं हिंदी बोलायच्या. त्यांचा ख्रिस्ती पंथ मेनोनाइट नावाचा. अब्बासने ते पहिल्यांदा ऐकलं आणि घरी येऊन सांगितलं, "अगो, त्या मिस मेनन हायत! केरळच्या! गोऱ्या कशा काय झाल्या, देव जाणे." ही गोष्ट कळल्यावर मिस डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या होत्या.

रहिमाचं पहिलं बाळ पोटातच गेलं. अब्बास बाहेर बाकावर डोकं धरून बसला होता. आत मिस पेन्नर रहिमाचा हात हातात घेऊन बसल्या. त्या तिथून उठल्याच नाहीत. दुसऱ्या शुक्रवारी रहिमाने त्यांना जेवायला बोलावलं आणि माझ्यात त्यांचे हात धुतले. तेव्हापासून त्या घरच्याच झाल्या. दस्तरखानावर त्यांची जागा ठरलेली, रहिमाच्या उजव्या हाताला.

त्रेसष्टच्या उन्हाळ्यात मिस आपल्या पंथाच्या काही लोकांबरोबर युरोपला निघाल्या. वाडवडिलांची गावं बघायची होती त्यांना. हे लोक हातात शस्त्र घेत नाहीत, म्हणून त्यांना राजांनी कधी कुठे सुखाने राहू दिलं नाही. हॉलंडहून पोलंड, तिथून रशिया, तिथून कॅनडा, अशी त्यांची पिढ्यान्‌पिढ्यांची पळापळ. निघायच्या आधी मिस रहिमाकडे आल्या.

"रहिमा, तुम्हारा वो तस्त ले जाऊँ? वहाँ सब मिलके रोटी खाएँगे. हमारे यहाँ रोटी के साथ एक-दूसरे के धोते हैं."

धुतात. काय धुतात, ते बोलायचं राहूनच गेलं. मिसना वाटलं, हिला ठाऊक असेल. रहिमाला वाटलं, हात. आणखी काय असणार? ती तर हरखून गेली. "म्हंजे तुमच्यात पन आमच्यासारखांच हाय?" असं म्हणत तिने आपल्या आईची वस्तू दोन्ही हातांनी उचलून त्यांना दिली.

असा मी विमानात बसलो, मित्रांनो. हॉलंड पाहिलं. तिथे एक प्रार्थनाघर होतं, बाहेरून अगदी गुरांचा गोठा. पकडले जाऊ नयेत म्हणून यांचे पूर्वज तसल्या घरांत लपून प्रार्थना करायचे. मग मोटारीने पोलंडमध्ये, विस्तुला नदीच्या मुखापाशी. सगळीकडे पाणथळ, कालवे आणि पाऊस. तिथली दलदल यांच्याच पूर्वजांनी उपसून शेतं केली होती. मिसना आपल्या पणजीची कबर शोधायची होती. कब्रस्तानात खाजकुयलीसारखं कसलंसं रान माजलं होतं. दगड फुटलेले, नावं पुसलेली. मिस गुडघ्यांवर बसून हातांनी माती उकरत राहिल्या. कबर सापडली नाही. 

पणजीचं घर मात्र उभं होतं. त्यात एक पोलिश म्हातारी राहत होती. दुसऱ्या महायुद्धात तिचं स्वतःचं गाव गेलं, आणि मिसच्या पंथाचे लोक पळून गेल्यावर रिकाम्या पडलेल्या या घरात सरकारने तिला आणून बसवलं होतं. परकी माणसं दारात बघून तिने दाराची चौकट घट्ट धरली. तिला वाटलं, मालक घर परत मागायला आले! दुभाषा समजावून थकला, पण ती चौकट सोडेना. तेव्हा मिसनी मला मागवून घेतलं आणि माझ्यात कोमट पाणी ओतलं. म्हातारीला पायरीवर बसवलं, तिचे चिखलाचे मोजे काढले आणि आपण खाली बसून तिचे पाय धुतले. या लोकांत एकमेकांचे पाय धुणं हा सर्वांत मोठा मान. म्हातारी आधी घाबरली, मग हमसाहमशी रडली. तिने सगळ्यांना घरात घेतलं आणि पाव कापला.

मी पाय पहिल्यांदाच पाहिले. मला विटाळल्यासारखं वाटलं का? नाही. पण माझं मत कोण विचारतो!

परतल्यावर मिस शुक्रवारीच आल्या, अगदी जेवणाच्या वेळेला. रहिमाने मला त्यांच्या हातातून घेतलं आणि लगेच पाहुण्यांपुढे फिरवलं. मुनव्वरने हात धुतले, नूरजहाँने धुतले, सगळ्यांनी धुतले. भाकऱ्या वाढल्या गेल्या. मिस आनंदाने सांगू लागल्या, "रहिमा, इसी में मैंने एक बुढ़िया के पाँव धोए..."

नूरजहाँचा घास हातातच राहिला. "पाय? ह्यात? तोबा तोबा! आत्ता ह्यातच आमी हात धुवलं ना?" ती ताडकन उठली आणि मोरीकडे धावली. मुनव्वर खाली मान घालून उठला. दस्तरखान भरलेलं आणि माणसं उठलेली, असं त्या घरात कधी घडलं नव्हतं. रहिमाचं तोंड पांढरं पडलं. मिस तशाच बसून राहिल्या. त्यांची गोष्ट अर्धीच राहिली होती आणि आता ती ऐकायला कुणी नव्हतं.

मित्रांनो, मी तिथेच होतो. मला सगळं ठाऊक होतं. पण भांड्याला कंठ नसतो.

जिन्यात अब्बासने मिसना सगळं समजावलं, आणि मिसनी त्याला उरलेली गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी त्या माफी मागायला आल्या. रहिमा दार अडवून उभी राहिली. "काय नाय मिस, काय नाय. झालां तां झालां." पण आत या, चहा घ्या, असं काही ती म्हणाली नाही. पुढच्या आठवड्यात मिस बाजारातून नवंकोरं तस्त घेऊन आल्या. तेव्हा तर रहिमा भडकलीच. "माझी आय काय बाजारात मिलते?" ती म्हणाली, आणि दार लावून घेतलं. नवं तस्त मिस परत घेऊन गेल्या. दवाखान्यातही रहिमा त्यांच्याशी कामापुरतं बोलायची, आणि थोड्याच दिवसांत तिने ते काम सोडलं.

मला गच्चीवर टाकलं. कल्हई उडाली, अंगावर हिरवा गंज चढला. पावसाचं पाणीसुद्धा तिथे क्वचितच यायचं, वाळू मात्र रोज साचायची. कबुतरं येऊन बसायची आणि घाण करून जायची. मानाची वस्तू होतो मी कधीकाळी! पण खरं सांगू? माझ्यापेक्षा रहिमाचं वाईट वाटायचं. शुक्रवारी ती दस्तरखान अंथरायची आणि उजव्या हाताची जागा मोकळी ठेवायची. नूरजहाँ एकदा त्या जागेवर बसायला गेली, तर रहिमा म्हणाली, "थंय नको, इकडं बस."

बरेच महिने गेले. एके दिवशी अब्बास गच्चीवर वजू करत होता. रहिमा कपडे वाळत घालत होती. पायांवर पाणी घेता घेता तो म्हणाला, "रहिमा, नमाजाला उभं राहायच्या आधी आपन पन पाय धुतोच ना गो?"

"आपले आपन धुतो. आनी जेवनाच्या तस्तात नाय धुवत."

"तां खरां. पन त्या मिसची गोष्ट तू पुरती कवा आयकलीस?"

मग त्याने तिला जिन्यात ऐकलेलं सगळं सांगितलं. न सापडलेली कबर, चौकट धरून उभी असलेली म्हातारी, सगळं. रहिमा ओलं फडकं हातात घेऊन ऐकत राहिली. म्हातारी रडली, इथे अब्बास आला आणि रहिमाने हातातलं फडकं बादलीत टाकलं. "माझ्या आयच्या तस्तान तिचां भय घालवलां, आनी मी मिसना दारातनां परत धाडलां," एवढंच ती म्हणाली.

तिने मला टाकीमागून ओढून काढलं. चिंच आणि राख घेऊन मला घासलं, पार खांदे भरून येईपर्यंत घासलं. दुपारच्या उन्हात मला ओढणीत गुंडाळून ती दवाखान्यात गेली. काय बोलायचं, ते वाटेत पुटपुटत होती. "मिस, शुक्रवारी जेवायला येवा. मी तुमचे पाय..." आणि पुढे तिला सुचत नव्हतं.

मिसच्या खोलीत दुसरीच नर्स होती. तरुण, नवी. ती म्हणाली, मिस पेन्नर आजारी पडून मायदेशी गेल्या, आणि तिथे पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारल्या. तुम्हांला कुणी कळवलं नाही का?

रहिमा मला कवटाळून दवाखान्याच्या पायरीवर बसली. बराच वेळ बसली. मग घरी आली आणि तिने मला पुन्हा इथेच, टाकीमागे ठेवलं. रागाने नव्हे. घरात माझ्याकडे बघवत नाही तिला. पण अधूनमधून वर येते, माझ्यातली वाळू झटकते आणि खाली जाते.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखं एखादं जुनं भांडं असेल, तर त्याला जपा, ही माझी विनंती आहेच. कुणाला ते उसनं दिलंत, तर कशाला हवंय ते नीट विचारा. आणि दुखावलात तर समोरच्याची गोष्ट पुरती ऐका. मी तांबं आहे. मला घासायला कितीही उशीर झाला, तरी मी पुन्हा उजळतो. माणसाकडे जायला मात्र उशीर करू नका.