चार हात दूर

नरहरीनं खोलीच्या दारात नायलॉनची दोरी आडवी बांधली आणि गाठ ओढून पाहिली. तेवढ्यात त्याची बायको सिंधुताई चहाचा कप घेऊन आली आणि दोरी हातानं खाली दाबून सरळ आत शिरली.

"बाहेर स्टुलावर ठेवजो म्हटलं होतं ना तुले?"

"थंडा होते तिथं."

कप ठेवून ती चादर झटकू लागली. नरहरीचं डोकं सणकलं. थायरॉइडच्या कॅन्सरवर रायपूरच्या दवाखान्यात त्याला किरणोत्सर्गी आयोडीनची गोळी दिली होती. उरलासुरला रोग ती आतून जाळणार होती, पण तोवर त्याच्या अंगातूनही किरणं बाहेर पडणार होती. आठवडाभर वेगळं झोपा, कोणाला जवळ बसू देऊ नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. पण ही बाई म्हणजे पालथा घडा. दुपारी तर पाय चेपायला आली होती.

आणि सांगत कोण होता? भिलाईच्या प्लांटात वेल्डिंगचे जोड गॅमा किरणांनी तपासण्यात ज्याची सारी नोकरी गेली, तो माणूस. त्यानं दोरी बांधली की साहेबलोकसुद्धा थबकायचे. घरात मात्र कवडीची किंमत नाही.

"दिसत नाही म्हणून खोटं वाटते का तुले? काऊन नाही ऐकत?"

सिंधुताईनं उशी नीट ठेवली.

"इतके वर्स काही नाही झालं, तं आता काय होते?"

"इतके वर्स कसे? गोळी तं आत्ता घेतली मी."

"अन् ड्युटीवरून रोज अंगावर आणत होते ते?"



"अंगाले नाही चिकटत ते. मशीन बंद केली का बंद. लाइटवानी. कोणं सांगितलं तुले?"

"कोणीच नाही. तुमाले विचारलं का तुमी पेपर उघडत होते."

ते खरं होतं.

"म्हणून तं पीयूषले तुमच्याजवळ निजू देत नव्हती मी," ती म्हणाली. "लेकराले कायले तरास."

लहानपणी उशी घेऊन आलेल्या पोराला ती दारातूनच परत न्यायची. पोराला आपली ओढच नाही, असं नरहरी आजवर धरून चालला होता.

"अन् तू? तू तं इथंच निजत होती."

"मंग मी कुठं जाणार होती?"

ती कप घेऊन निघून गेली. नरहरीला स्वतःचाच भयंकर राग आला. त्यानं मोबाइल उचलला आणि पुण्याला पीयूषचा नंबर लावला.

"पापा? आप?" पोराचा आवाज घाबरलेला होता. "मम्मी को क्या हुआ?"