ओळखणारं माणूस

इस्त्रीच्या टेबलाखाली पाय मुडपून थोरली लेक अभ्यासाला बसली होती. वर आईची इस्त्री फिरत होती. खाली लेक संगणकशास्त्राच्या शेवटच्या वर्षाचा प्रोग्राम लिहीत होती आणि फोनमधली ‘ताई’ तिच्या चुका मायेनं दाखवत होती.

“विचार गं तुझ्या ताईला, जेवली का?”

“आई, ते यंत्र आहे!”

“असू दे की. दोन वर्षं शिकवतेय, एकदाही खेकसली नाही. तुझ्या बापापेक्षा बरी!” आणि आई गुणगुणू लागली:

लेकीच्या गं बोटांखाली उजळल्या अक्षरओळी,
माझ्या पायांचा शिणवटा विरला गं सांजवेळी.

वस्तीतल्या मुलांना कॉलेजनं ही बोलकी ताई दिली होती. बाकीच्यांना माणसं मिळाली होती: सर, बाई, त्यांच्या खोलीतला चहा, पाठीवरचा हात. वस्तीतल्यांची यादीच वेगळी. त्या यादीला कुणी नावं ठेवली नाहीत. उलट कौतुकच झालं.

मग नोकरीचा अर्ज आला. ‘दोन वर्षं जवळून ओळखणाऱ्या मार्गदर्शकाचं पत्र जोडा.’ लेकीनं भोळेपणानं नाव लिहिलं: ताई. अर्ज परत आला. माणसाचं पत्र हवं, आज पाचच्या आत.

मायलेकी धावतच विभागप्रमुखांकडे गेल्या.

“मी शिकवतो तुला?”

“हो सर. तिसऱ्या बाकावर बसते.”

“वर्गात ऐंशी जण असतात गं. मार्गदर्शनाला तुम्हाला ताई दिलीय ना?”

“ती सही करत नाही, सर. माझं काम बघा ना. दहाच मिनिटं.”

सर दुष्ट नव्हते. पण टेबलावर त्यांच्या स्वतःच्या विद्यार्थ्यांची पत्रं अर्धवट पडली होती. “न पाहता कसं लिहू? आणि पाहायला आज वेळ नाही.”

दाराशी उभी असलेली आई पुढे आली. “साहेब, मी ओळखते हिला. जन्मल्यापासून. मला सही येते, हिनंच शिकवली. मी केली तर चालेल?”

“आईची नाही चालत, मावशी.”

पाच वाजून गेले. जिन्यात बसून लेकीनं ताईला सगळं सांगितलं.

“निराश होऊ नकोस,” ताई गोड आवाजात म्हणाली. “आपल्या शिक्षकांशी मोकळेपणानं बोल.”

लेक हसली. आईनं तिच्या हातातला फोन काढून घेतला.

त्या वर्षीच्या अहवालात छापून आलं, ‘वस्तीतील एकही विद्यार्थी मार्गदर्शनाविना राहिला नाही.’ सभागृहात टाळ्या झाल्या. थोरलीनं तोवर प्रोग्राम लिहिणं सोडलं होतं.

वाचकहो, अहवालातली ती ओळ खोटी नाही. टाळ्या वाजवणारे हातही आपलेच होते. अशा एखाद्या लेकीशेजारी बसून तिचं काम आपण कधी दहा मिनिटं पाहिलं आहे का?