खुनी दार का वाजवतो

सिनेमात कोणाचा गळा चिरला जातो तेव्हा तुम्हाला जो आवाज ऐकू येतो, तो कोबीचा असतो. हाड मोडतं ते गाजर. चिखलातून चालणारा माणूस म्हणजे परातीत भिजवलेले वर्तमानपत्राचे बोळे. माझा धंदाच तो आहे. पडद्यावरच्या माणसांची पावलं, दारं, कड्या, कपड्यांची सळसळ, हे सगळं मी एका बंद खोलीत माईकसमोर उभी राहून करते. बावीस वर्षं झाली. खुनाचा सिनेमा हाती असला की आमच्या घरी आठवडाभर कोबी आणि गाजरं असतात. मग दादा ताटावर बसताना विचारतो, "आज कोणाला खातोय आपण?"

दादा माझा मोठा भाऊ. घरात आम्ही दोघंच. लग्नं दोघांचीही राहून गेली, त्याची कथा लांबलचक आहे आणि फार कंटाळवाणी. त्याने तीस वर्षं फरश्या कापायच्या कारखान्यात काढली आणि तिथली धूळ छातीत घेऊन घरी आला. त्याचा श्वास आधी शिट्टीसारखा वाजतो, मग बारीक खरखरतो आणि शेवटी अडखळतो, गाडी सुरू होता होता बंद पडावी तसा.

आता माझा गुन्हा सांगते, म्हणजे पुढचं सोपं जाईल.

चार वर्षांपूर्वी आम्ही एक सिनेमा केला. बंद पडलेल्या कारखान्याच्या कामगार-खोल्यांचं कोणीतरी अतिथीगृह करतं, तिथे सहा तरुण मुलंमुली राहायला येतात आणि एक मुखवटेवाला त्यातल्या पाचांना मारतो. मुखवटा धुळीपासून बचावासाठी कामगार लावतात तो, काळ्या रबराचा, दोन बाजूंना दोन डबे असलेला. खुनी बोलत नाही, नुसता श्वास घेतो. त्या श्वासासाठी मी नळी फुंकली, भाता चालवला, स्वतःचा घसा खरवडून घेतला. काही केल्या जमेना. एका रविवारी दुपारी दादा खुर्चीत झोपला होता. मी त्याच्या छातीशी रेकॉर्डर धरला आणि वीस मिनिटांचा श्वास भरून घेतला.

विचारलं नाही. विचारलं असतं तर तो हसून हो म्हणाला असता, असं मी स्वतःला सांगत आले. खरं म्हणजे तो नाही म्हणाला असता तर माझी पंचाईत झाली असती.

सिनेमा चालला, आणि कशामुळे चालला तर श्वासामुळे. लोकांनी तो फोनच्या घंटीला लावला. दादाला मी कौतुकाने थिएटरात घेऊन गेले, अक्कल गहाण ठेवून. पहिला श्वास आला आणि त्याची मान माझ्याकडे वळली. मी पडद्यावरून नजर हलवली नाही. घरी येताना तो एवढंच म्हणाला, "मुखवटा चांगला होता गं त्याचा. आम्हाला तसले तपासणीच्या दिवशी मिळायचे. संध्याकाळी परत घ्यायचे."

आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो आणि इमारतीला लिफ्ट नाही. दादा प्रत्येक मजल्यावर थांबून दम घेतो. दुसऱ्या मजल्यावर शिवणकाम करणारी बाई आणि तिच्या कॉलेजात जाणाऱ्या दोन मुली. सिनेमा लागल्यानंतरच्या आठवड्यात दादा तिथे थांबला आणि आतून कडी लागली. दाराआड खिदळणं, आणि मग एकीने श्वास काढून दाखवला. हुबेहूब. पुढे पहिल्या मजल्यावरही तेच सुरू झालं. कड्यांचे आवाज हा माझ्या पोटापाण्याचा विषय आहे. पहिल्या मजल्यावरची कडी गंजलेली, दोन झटक्यांत बसते. दुसऱ्यावरची नवी, सरळ खट् करून जाते. दादाला हे माझ्याइतकंच कळत होतं. आधी त्याची बाग सुटली, मग वाचनालय, मग न्हावी घरी यायला लागला. डॉक्टर कानीकपाळी ओरडत होते की याला चालवा, चालला नाही तर छाती आणखी बसेल. तो म्हणायचा, "उद्या जाऊ." दोन वर्षं उद्या जाऊ. माझा भाऊ माझ्या डोळ्यांदेखत खुर्चीत संपत चालला होता आणि त्यात हात माझाच होता.

अशात दुसरा भाग आला.

दिग्दर्शक माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान, मला ताई म्हणतो आणि माझं एक ऐकत नाही. दुसऱ्या भागात पहिल्यातली वाचलेली मुलगी त्या इमारतीत परत जाते. सात खून होतात. शेवटी ती एका खोलीत अडकते, बाहेरून दार वाजतं, आणि ती, जसं या सिनेमांतल्या मुली हमखास करतात तसं, स्वतःच्या हाताने कडी काढते. समोर तो. तो सुरा उगारतो, अकरा सेकंद तसाच उभा राहतो आणि पहिल्यांदाच बोलतो: "मला कारण लागत नाही. मी वेडा आहे. मला मारायला आवडतं." मग ती त्याच्या डोक्यात लोखंडी कांब घालते.

सिनेमा लागण्याआधीच्या चाचणीच्या खेळाला लोक नेमके तिथेच हसले. अगदी पोट धरून. दिग्दर्शक दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या खोलीत येऊन कोबीच्या टोपलीशेजारी जमिनीवर बसला.

"मेलो, ताई. निर्मात्याने चार दिवसांत शेवट बदलून मागितलाय. पुन्हा चित्रीकरण शक्य नाही, नट दुसरीकडे गेलेत."

"मग रडतोस कशाला? त्याच्या तोंडावर मुखवटा आहे. ओठ कुठे दिसतात? वाक्य बदल."

"बदलीन. पण बोलेल काय तो? काय कारण देऊ? आईने छळलं? प्रेमभंग झाला? सगळ्यांचं सगळं वापरून झालंय."

एक गोष्ट माझ्या बोटांना आठवत होती. दोन्ही भागांत मिळून बारा खून, आणि त्या प्रत्येकाच्या आधी मी फळीवर बोटांच्या पेरांनी तीनदा ठोकलं होतं. ठक, ठक, ठक. मग आतल्या माणसाची कडी. मग दार फोडणं. बारा वेळा मी हेच केलं होतं. पेरं सुजली होती माझी.

"खुनी दार का वाजवतो रे?" मी विचारलं.

"भीती वाटावी म्हणून."

"ते तुझं कारण झालं. त्याचं काय? ज्याला मारायचंय तो चोरपावलांनी येईल. हा आधी ठोकतो. उघडायला वेळ देतो. बाराच्या बारा जणांनी काय केलं?"

"कडी लावली." तो जरा सरळ बसला. "आणि ही..."

"हिने काढली. म्हणून अकरा सेकंद थांबलाय तो. तुला माहीत नव्हतं, पण थांबलाय त्यासाठीच."

तो मला मिठीच मारणार होता, मी गाजर आडवं धरलं. मग आम्ही बसून रचलं. खुनी तिथलाच कामगार. कारखाना चालू असताना एके दुपारी याची छाती धुळीने भरली. तो रांगेतल्या प्रत्येक खोलीचं दार वाजवत गेला, लोकांनी फटीतून मुखवटा पाहिला आणि आतून कड्या लावल्या. तेव्हापासून तो दारं वाजवतोय. संकलकाकडे तालमीचं चित्रणही निघालं. तालमीत त्या नटाचा गुडघा दुखला, म्हणून तो सुरा खाली ठेवून उंबऱ्यावर बसला होता. मुखवटा तोंडावरच होता. म्हणजे कांबेचा फटका कापायचा आणि त्याने तिथेच बसून शेवटचा श्वास घ्यायचा. देव पावला.

"फक्त आवाज तोच हवा," दिग्दर्शक म्हणाला. "ज्याचा श्वास आहे त्याचाच. कोण होता तो? तू कधी सांगितलंच नाहीस."

मी घरी गेले. दादा खिडकीशी होता. चहाही न ठेवता मी बोलून टाकलं, की तो श्वास तुझा होता, तू झोपला होतास तेव्हा मी घेतला.

"माहीत आहे."

"मी विचारायला हवं होतं."

"हो. हवं होतं. चार वर्षं वाट बघतोय, ही बया कधी विचारते."

मला रडू आलं. त्याने मला थांबवलं नाही, आणि ते बरंच केलं. मग मी नाक पुसून विचारलं, येशील का, त्या खुन्याचं बोलशील का. शेवट सांगितला. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"म्हणून बारा माणसं मारायची?"

"नाही रे. तेवढ्याने नाही पुरत."

"पुरतच नाही. पण त्याला विचारलं तर तो हेच सांगेल, हे खरं." त्याने हात पुढे केला. "वाक्यं दाखव."

मी आणि दिग्दर्शकाने छान वाक्यं लिहिली होती, चांगली सात ओळींची. दादाने चष्मा लावून वाचली आणि कागद परत दिला.

"एवढा दम कुठून आणेल तो? दम लागलेला माणूस कहाणी सांगत नाही, छोटे. चार शब्द बोलतो. आणि त्याला काय हवं असतं, ठाऊक आहे?"

"काय?"

"बसायला."

त्याने स्वतःच लिहिलं, माझ्या भाजीच्या यादीच्या मागे. आणि एक अट घातली. शेवटी नावं येतात त्यात त्याचं नाव यायला हवं. श्वास म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही उतरलो. दुसऱ्या मजल्यावर दादा थांबला आणि खट् झालं. "वेळेवर," तो म्हणाला आणि उतरत राहिला.

मी काचेच्या अलीकडे यंत्रांपाशी, तो पलीकडे खुर्चीत, समोर पडदा. पडद्यावरच्या मुलीने कडी काढली, सुरा वर गेला, आणि दादा बोलला. मध्ये मध्ये शिट्टी, खरखर, अडखळ.

"दार वाजवत होतो... कोणी उघडलं नाही... तू उघडलंस." मग तो नट उंबऱ्यावर टेकला. "जरा... बसू दे."

त्यानंतर खुन्याचा श्वास थांबायचा होता. दादाने तो थांबवला. मी मोजत होते. पाच. आठ. पडद्यावरचं चित्र संपलं. दहा. दादाची मान छातीवर होती आणि खांदे हलत नव्हते. बारा. मी सगळं टाकून उठले आणि दोन्ही हातांनी काच बडवली, "दादा! दादा!"

त्याने मान वर केली, मोठ्ठा श्वास घेतला, खोकला. "अगं, नाटक चाललंय ना?" मग माझा चेहरा पाहून म्हणाला, "बरं, बरं. आहे मी."

माझी काचेवरची बडवाबडव ध्वनिमुद्रणात भरली गेली होती. दिग्दर्शकाने ती ठेवली. शब्द कळत नाहीत, कोणीतरी दार बडवतंय एवढंच कळतं. लोकांना वाटतं, ती आमची फार मोठी कल्पना होती.

सिनेमा लागला. आम्ही दुपारचा खेळ गाठला. अकरा सेकंदांच्या वेळी कोणी हसलं नाही. माझ्या पुढच्या रांगेतला एक आडदांड माणूस हळूच म्हणाला, "बस बाबा, बस." शेवटी नावं आली, दिव्यांत लोक उठून चालायला लागले, आणि त्यांच्या डोक्यांमधून आम्ही ती एक ओळ वाचली. दादाने ती मला मोठ्याने वाचायला लावली, चष्मा नाही म्हणून. चष्मा त्याच्या खिशात होता.

पण थिएटरातल्या माणसांचं काय, ती आपापल्या घरी जातात. मला आमच्या जिन्याची काळजी होती. दादा पुन्हा खिडकीशी बसायला लागला होता. तीन आठवडे मी रोज विचारायची, तो रोज उद्या म्हणायचा. शेवटी डॉक्टरकडे जायचा दिवस आला, तेव्हा कुठे उतरला.

परतताना माझ्या दोन्ही हातांत पिशव्या. "तू हो पुढे," दादा म्हणाला, "मी येतो माझ्या गाडीने." मी चौथ्या मजल्यावर पोहोचले, पिशव्या ठेवल्या, किल्ली कुलुपात घातली. खालून त्याची पावलं येत होती. पहिला मजला. थांबला. दोन झटके, कडी लागली. पावलं पुन्हा सुरू झाली. दुसरा मजला. शिट्टी, खरखर, अडखळ. मी दातांवर दात धरून वाट बघू लागले.

खट्.

कडी तीच, पण आवाज तो नव्हता. लागताना ती जड वाजते, निघताना हलकी. ही निघाली होती. मग बिजागरी. मग लाकडी काहीतरी फरशीवरून ओढत आणलं. चार पाय, त्यातला एक आखूड. शिवणयंत्रापुढचं स्टूल.

"बसा ना काका," एक मुलगी म्हणाली. दुसरी, जरा चाचरत, "आम्ही तुमचं नाव वाचलं."

"थांब हं," दादाचा आवाज आला. "आधी जरा... बसू दे."

स्टूल कुरकुरलं. खालून आता फक्त त्याचा श्वास ऐकू येत होता. मी कुलुपातली किल्ली धरून तशीच उभी राहिले. फिरवली असती तर आवाज झाला असता.