शून्यावरच्या ओळी

ताईचं गणित पुलांचं होतं. रोजच्या ओझ्याने पोलादात तडा कुठवर जातो, हे ते शोधत होतं. संस्थेच्या जुन्या मोठ्या संगणकावर ते कित्येक महिने चाललं होतं, आणि शुक्रवारी तो संगणकच मोडीत निघणार होता. त्याआधी उत्तर आलं तर ताईचा प्रबंध पुरा, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात. आणि गाडं तर रखडलेलं.

संगणकाची देखभाल तिच्या धाकट्या भावाकडे. ही नोकरीही ताईनेच शब्द टाकून मिळवून दिलेली. "माझं जरा लवकर होईल असं बघ ना," ती सकाळी म्हणाली, आणि धाकटा बाह्या सरसावून बसला.

त्याला आधी जागा आवरल्याशिवाय काम सुचत नसे. टर्मिनलच्या काळ्या पडद्यावर चालू प्रोसेसची, म्हणजे कामांची, यादी मारुतीच्या शेपटासारखी लांबत होती. त्याने नको ते रकाने लपवले. कोणतं काम कुणाचं, हा रकानाही त्यातच गेला. मग यादी झाडासारखी मांडली, वर मूळ प्रोसेस म्हणजे आई, खाली तिने सुरू केलेली पोरं, आणि फांद्या मिटून टाकल्या. यादी एका पडद्यात बसली, तसा गडी खूश.

मिटलेल्या फांदीतल्या पोरांचा भार आईच्या ओळीत धरायचा, हे सेटिंगमध्ये वेगळं सांगावं लागतं. ते राहिलं. आई स्वतः काही करत नाही, पोरांना कामाला जुंपते, म्हणून तिच्यापुढे शून्य दिसतं. धाकट्याला वाटलं, या ऐतखाऊ ओळी जागा अडवून बसल्यात. ताईला मोकळी जागा मिळावी म्हणून त्याने त्या एकेक करून बंद केल्या.

आईबरोबर पोरंही बंद पडली आणि संगणकाच्या पंख्यांची घरघर एकदम बसली. त्याने घाईघाईने लपवलेला रकाना परत आणला. ताईचं नाव कुठेच नव्हतं. मधले टप्पेही साठवलेले नव्हते, कारण डिस्क भरतेय म्हणून त्यानेच तिला ते थांबवायला लावलं होतं. त्याला रडूच आलं.

ताई चहाचे दोन कप घेऊन आली. "बरंच शांत वाटतंय रे. झालं का?"

"ताई, तुझं गेलं. माझ्या हातून बंद झालं."

तिने कप ठेवले. यादी वरून खाली पाहिली, परत वर गेली. "पहिल्यापासून सुरू केलं तर?"

"शुक्रवारपर्यंत नाही होणार."

तिने शिव्या घालाव्यात, निदान एक कानाखाली वाजवावी, असं त्याला फार वाटत होतं. ती नुसती खुर्चीत बसली.

"दुसऱ्या कुणाचं काही गेलं नाही ना?" तिने विचारलं.

"नाही. तुझंच."

"मग साहेबांना काही सांगू नकोस. मीच बंद केलं म्हणून सांगते," ताई म्हणाली. "तुझी नोकरी तरी राहू दे."