माझ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं

मित्रांनो, मारेगावहून आत वळलेल्या रस्त्यावर एक लहानसं गाव लागतं. तिथल्या पुंडलिकरावांच्या किराणा दुकानात, तराजूच्या शेजारी, समोर काच लावलेला पत्र्याचा एक जुना डबा दिसेल. झाकण वाकडं, रंग उडालेला, एक कोपरा चेपलेला. तोच मी. गावात नुसतं ‘डब्यातली द्या’ म्हटलं तरी पुंडलिकरावांना कळतं की तिखट शेव हवी आहे. एवढं नाव मी कमावलं आहे. आता त्या नावाचं काय करू, हे मात्र मला कळत नाही.

माझा जन्म पांढरकवड्याच्या बाजारातला. एका कारागिरानं मला कापलं, वाकवलं, ठोकलं. आई गं, काय दुखलं म्हणून सांगू! पण काच बसवून त्यानं मला उन्हात ठेवलं, आणि येणारे-जाणारे थांबून मला पाहू लागले, तेव्हा सगळं दुखणं विसरलो. पुंडलिकराव नुकतेच दुकानदार झाले होते. घासाघीस करून त्यांनी मला घेतलं आणि एस.टी.त मांडीवर धरून आणलं. मांडीवर बसून आलेला डबा आहे मी, लक्षात ठेवा.

ते दिवस फार गोड होते. कापूस वेचायला निघालेल्या बाया सकाळीच दुकानात यायच्या आणि भाकरीबरोबर शेवेची पुडी बांधून न्यायच्या. त्यांत हंसाबाईचा थाट वेगळा. ती आधी हात घालायची, मग बोलायची.

“चव पाह्यल्याशिवाय मी घेत नाई, पुंडलिकभाऊ.”

“चव पाह्यता पाह्यता अर्धा डबा खाल्ला तुमी, वयनी! आता घ्याचं काय राह्यलं?”

“तुमचा डबाच लहान हाय, त्याले मी काय करू?”

सगळं दुकान हसायचं. मीही हसायचो, म्हणजे माझं झाकण वाजायचं. हंसाबाईच्या हाताला मातीचा वास असायचा. तो हात पोटात आला की मला बरं वाटायचं.

मग पाकिटं आली. चकचकीत, फुगलेली, माळेनं लोंबकळणारी. ती नेमकी माझ्या काचेसमोर टांगली गेली आणि मला दुकान दिसेनासं झालं. पोरं पाकिटं मागू लागली, पोरांचं पाहून मोठेही मागू लागले. हंसाबाईलाही पाकिटातलीच शेव आवडू लागली. एक दिवस पुंडलिकरावांनी मला पुसून मागच्या फळीवर ठेवलं आणि माझ्यात काडेपेट्या आणि मेणबत्त्या भरल्या. रडता आलं असतं तर रडलो असतो. पत्र्याला रडून चालत नाही, गंज चढतो.

अशात नियम बदलल्याची बातमी दुकानात आली. पाकिटावर मागच्या बाजूला मुंगीएवढ्या अक्षरात जे लिहिलेलं असे, ते आता मोठ्या, ठळक अक्षरात छापायचं. मीठ किती, साखर किती, चरबी किती. तशी पाकिटं माळेवर लागली आणि दुकानात रोज सभा भरू लागली. कोणी म्हणे, “बरं झालं, आता तरी समजन काय खाऊन राह्यलो ते.” कोणी म्हणे, “सरकार आता पोराईले खाऊबी खाऊ देत नाई.” गावातले म्हातारे वामनराव काठी आपटत म्हणाले, “अक्षर बारीक होते तवाबी हेच खात होतो नं आपन? मंग तवा काहून कोनी सांगतलं नाई?”

हंसाबाईची सून सुरभी बारावीपर्यंत शिकलेली. तिनं पाकीट हातात घेतलं आणि ओठ हलवत सगळं वाचलं. हंसाबाईला बी.पी. होतं, मूत्रपिंडाचाही त्रास सुरू झाला होता, आणि यवतमाळच्या डॉक्टरांनी मीठ तोडायला सांगितलं होतं. सुरभीनं पाकीट जागच्या जागी ठेवलं.

“बापा! एवढं मीठ? नको भाऊ. आईले आजपासून पाकीट बंद.”

तिचं पाहून शेजारणींनी पाकिटं सोडली. माळा तशाच लटकत राहिल्या. पुंडलिकराव चिडले. “शेव तीच हाय! अक्षर मोठं झालं त शेव बदलली काय?” असं ते दिवसभर पुटपुटत होते.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला फळीवरून उतरवलं. काडेपेट्या काढल्या, काच पुसली आणि मला पुन्हा तराजूशेजारी बसवलं. माझा आनंद काय वर्णावा! मग त्यांनी कात्री घेतली, एकेक पाकीट कापलं आणि त्यातली शेव माझ्यात ओतली. रिकामी पाकिटं दुकानामागं नेऊन जाळली. तेव्हा मला त्यात काही वावगं दिसलं नाही, मित्रांनो. पोट भरलं होतं, एवढंच मला कळत होतं.

सुरभी आली. माझ्याकडे पाहून तिचा चेहरा उजळला.

“भाऊ, सुटी शेव ठेवली पुन्हा? कुठची व्हय?”

“आपलीच व्हय,” पुंडलिकराव म्हणाले आणि तराजूचं पारडं पुसू लागले.

तिनं मला वरून, खालून, बाजूनं पाहिलं. माझ्यावर काहीच लिहिलेलं नव्हतं.

“हे बरं हाय. यावर कंपनीचं काई लिवलं नाई. घरच्यावानी हाय. आई अळणी भाजी पाह्यली का ताट सरकवते, भाऊ. दोन घास तरी जातीन तिले याच्यासंगं.”

बघा मित्रांनो, किती जपत होती ती सासूला! ज्या पाकिटानं खरं सांगितलं ते तिनं सोडलं, आणि जो गप्प बसला होता त्याच्यावर, माझ्यावर, विश्वास टाकला. आणि तिच्यासारखंच सगळं गाव माझ्याकडे वळलं. ‘डबा बरा, डबा बरा’ असं जो तो म्हणू लागला.

हंसाबाई आधी स्वतः यायची. मग तिच्या पायांवर सूज आली, चपलेत पाय मावेना. मग सुरभी एकटीच येऊ लागली. “आईले दम लागून राह्यला,” असं म्हणत पुडी न्यायची. मी आतून किती धडपडलो! नेऊ नको गं, पोरी, ही पाकिटातलीच आहे, असं ओरडावंसं वाटायचं. पण शेव नुसती सळसळायची आणि पुंडलिकरावांना वाटायचं, उंदीर शिरला.

हंसाबाईला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथंच ती गेली. मी डॉक्टर नाही. ती नुसत्या शेवेनं गेली असं मी म्हणणार नाही. पण ती गेली.

सुरभी त्यानंतर दुकानात आली तेव्हा तिची नजर माझ्यावर खिळली होती. काही घ्यायला आली नव्हती ती.

“भाऊ, डाक्टर मले इचारत होते, मीठ काहून नाई तोडलं म्हनून. म्या सांगतलं, पाकिटाले हातबी लावला नाई. मंग सांगा, या डब्यातल्या शेवेत मीठ किती असते?”

पुंडलिकरावांनी हातातलं पारडं खाली ठेवलं. मग खाली मान घालून म्हणाले, “पाकिटातलीच व्हय ते, सुरभी. फोडून भरत होतो. नियम पाकिटाले हाय, असं समजलो मी. डब्याले कोन इचारते?”

“पोटाले काय मालूम भाऊ, डब्यातून आलं का पाकिटातून?” ती म्हणाली आणि पायरीवरच बसली. “मीच नेत होती तिच्यासाठी. माह्याच हातानं वाढत होती.”

पुंडलिकरावांनी पाण्याचा गडवा पुढं केला. तिनं घेतला नाही. बराच वेळ रडली आणि उठून घरी गेली.

मी अजून इथंच आहे, मित्रांनो. अजूनही गिऱ्हाईक येतं, माझं कोरं अंग पाहून भुलतं आणि पुडी बांधून नेतं. माझी तुमच्याजवळ एकच विनवणी आहे. माझ्यासारख्या गप्प डब्यापुढं उभे राहाल तेव्हा हात घालण्याआधी दुकानदाराला विचारा, यात काय आहे, कुठून आलं आहे. त्याला राग आला तरी विचारा. घरात कोणी आजारी असेल तर दोनदा विचारा. सुरभीनं एकदा विचारलं, ‘आपलीच’ एवढ्यावर समाधान मानलं, आणि पुन्हा विचारलं ते सासूची तेरवी झाल्यावर. तुम्ही आधी विचारा, लेकरांनो.